चमचाभर

सगाइंग. उपोसथाच्या आदल्या सकाळी
गुलाबी वस्त्रांतल्या आम्ही सातजणी,
डोक्यावर तांदळाची पाटी, दीक्षेच्या क्रमानं ओळ.

चहावाल्या मा थिंझानं
माझ्या पुढच्या खेमाचारीला
शिगोशीग चमचा घातला.
मला, सपाट.

डोळ्यानं पाहिला तो फक्त चमचा.
पत्र्याचा, दांडीला पोचा आलेला.
इथवर सगळं स्वच्छ होतं.
मग कुठूनसं ‘मला’ आलं
आणि त्याच्या मागोमाग, चोरपावलांनी,
‘तिला’.

मी काही बोलले नाही. मंगलपाठ म्हटला,
एकही अक्षर न चुकता.
हात हलला नाही, भुवई हलली नाही,
तरी काम होऊन गेलं होतं.
बोट कापावं
आणि रक्त जरा उशिरानं दिसावं, तसं.

दॉ नंदासारी म्हणायच्या,
डोळा, कान, जीभ ही नुसती दारं गं,
दाराला कोण दोष देतं?
आतून उठून जी बघायला येते
तिला विचार, काय हवंय.

मठात परतल्यावर
सगळ्यांचा तांदूळ एकाच रांजणात ओतला.
खेमाचारीचे दाणे कुठले, माझे कुठले,
मी वाकून
शोधत राहिले.