पाजणी

ताप उतरला तो आठव्या दिवशी.
जाताना पाहुण्यानं अंथरलेली चादरही न्यावी
तशी जिभेवरची चव घेऊन गेला.

चौदा वर्षं गोळीबार चौकात मी तर्री-पोहे विकतो.
पहाटे चारला मसाला भाजताना
नुसत्या ठसक्यावरून सांगायचो
भिवापुरी मिरची यंदाची की गेल्या सालची.
आता कुमुद बशी समोर धरते
आणि मला वाटतं ओला पुठ्ठा चघळतोय.
पोटात त्याहून वाईट.
मेयोतल्या सलाइननं, सकाळ-संध्याकाळच्या गोळ्यांनी
आत कर्फ्यू लागलाय,
पाण्याचा घोटसुद्धा विचारून जातो.

भेटायला येणाऱ्यांनी पिशव्या आणल्या.
मेव्हण्यानं किवी, दर सांगूनच दिली.
कोणी पपईच्या पाल्याचा रस,
कोणी बकरीचं दूध, तेही काळ्याच बकरीचं.
प्लेटलेटचा आकडा साऱ्या तांडापेठेला पाठ,
अठ्ठावीस हजार, एकतीस, त्रेचाळीस,
पानठेल्यावर रोज संध्याकाळी
मटक्यासारखा फुटायचा.

गोविंदा निमजे सगळ्यांत शेवटी आला.
त्याचा माग जाऊन बारा वर्षं झाली,
भंगारवाल्यानं लाकूड वेगळं तोललं, लोखंड वेगळं,
पण बोटं अजून हवेत तुटला धागा शोधतात.
हातात काळं मडकं, तोंडाला फडकं.
"कितीक दिस झाले जेवला नाहीस?"
"भूकच नाही, काका."
"भूक कुठून येईन बे?
सूत कोरडंच मागावर चढवलं
तं पहिल्याच ठोक्याले तुटते.
आधी खळ लावा लागते, पाजणी करा लागते.
पोटाचं बी तसंच."

मडक्यात आंबील.
ज्वारीचं पीठ, ताक, एक रात्र
आणि ऑक्टोबरचा उकाडा.
लसणाची एकच पाकळी, जिरं, मीठ.
तिखट? मी विचारलं.
त्यानं असं पाहिलं
की तर्रीवाल्याला लाज वाटावी.

पहिल्या दिवशी तीन चमचे.
दुसऱ्या दिवशी अर्धी वाटी, आणि ओकारी.
तिसऱ्या दिवशी तो स्वतःच बसून राहिला.
एक चमचा, मग गोष्ट:
गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणा कसा पसरायचा,
भाताची पेज कुंच्यानं कशी हलकेच फिरवायची,
मधूनच कोणी सायकल घातली तर काय म्हणायचं.
एक चमचा. मग ती शिवी, पूर्ण.
मी हसलो. हसताना पोट दुखलं.
म्हणजे पोट होतं तर.

सरळ काही झालं नाही.
एकदा कुमुद नळावर गेली असताना
गंजातली तर्री बोटानं चाटली,
रात्र संडासात काढली,
ती दोन दिवस बोलली नाही.
पुन्हा आंबील. पुन्हा तीन चमचे.
मग ताकातल्या मऊ कण्या,
मग दोडक्याची भाजी, वर बोटभर सांबार.
एका दुपारी अंबिया बहाराचं पहिलं संत्रं,
हिरवट, अर्धकच्चं,
एक फाक चोखली आणि ओरडलो, "आंबट!"
शेजारचं पोरगं धावत आलं,
त्याला वाटलं, पुन्हा ताप डोक्यात गेला.

काल रात्री तीनला जाग आली.
ओट्यावरचं मडकं बारीक फुटफुटत होतं,
फडक्याखाली कोणी कुजबुजावं तसं.
कान देऊन पडून राहिलो.
मग लक्षात आलं,
दुसरा आवाज मडक्याचा नाही.
बेंबीच्या खाली,
घर्र. थांबून, घर्र.

कुमुदला उठवावं वाटलं.
नाही उठवलं.
अंधारातच चमचा शोधला.