एकाच किटलीतून

सेफ्रूच्या टॅक्सीतळावर साखर पेल्यात पडत नाही,
किटलीत पडते.
हे आधी सांगायला हवं,
नाहीतर तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात,
आपल्यापुरता बिनसाखरेचा घ्यायचा.

आपल्यापुरता असा चहाच नसतो इथे.
गन्नूमावशी पुदिन्याची जुडी कोंबते,
जांभळ्या कागदातल्या साखरेच्या सुळक्यावर
पितळी हातोडी मारते,
लिंबाएवढे तीन खडे आत,
मग हातभर उंचीवरून धार.
पाच ड्रायव्हर, पाच पेले, एक किटली.
सत्तावीस वर्षं.

पायाचा अंगठा बधिर झाला तेव्हा
मला वाटलं, क्लच जड झालाय.
क्लच बदलला.
अंगठा तसाच.
दवाखान्यातली पोरगी कागद बघून म्हणाली,
"काका, हे रक्त आहे की पाक?"

घरी बोललो नाही. फक्त इद्दरला सांगितलं,
आणि इद्दरच्या तोंडात तीळ भिजत नाही.

दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी वेगळी किटली आली.
छोटी, पत्र्याची.
कोपऱ्यात बसून प्यायलो
सुतकातल्या माणसासारखा.
समोर चौघे हसत होते, कशावर कोण जाणे.
तिसऱ्या दिवशी ती किटली दिसेना.
"फुटली," गन्नूमावशी म्हणाली.
पत्र्याची किटली फुटते कशी,
कोणी विचारलं नाही.
मोठीत त्या दिवशी दोनच खडे पडले.

अब्देस्लाम भडकला.
"आजार त्याचा, पथ्य मला?"
उठून पलीकडच्या कॉफीवाल्याकडे गेला.
आठ दिवस तिकडेच.
नवव्या दिवशी मुकाट येऊन पेला पुढे केला,
म्हणाला, कॉफी बरी आहे,
पण तिथे भांडायला कोणी नाही.

दोनाचा दीड. दीडाचा एक.
एकावर फार दिवस अडकलो,
सहा पॅसेंजर भरून घाट चढताना
गाडी अडकते तसे.
डोकं ठणकायचं. पॅसेंजरवर खेकसायचो.
आणि डॅशबोर्डच्या कप्प्यात
(हो, होता एक खडा)
दाढेखाली धरून डोळे मिटायचो.
इद्दरने टायरची पावती शोधताना
कप्पा उघडला. खडा पाहिला.
स्वतःच्या तोंडात टाकला, कडाकडा चावला,
आणि पावती घेऊन गेला.
शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

मग बूलमानला मामेभाऊ गेला.
मयताच्या घरी आमच्यात रिकाम्या हाताने जात नाहीत,
साखरेचा सुळका नेतात.
शेजारच्या सीटवर ठेवला,
टोपी घातलेल्या पोरासारखा बसला होता.
पहिल्या वळणावर दिसलं, कागद फाटलाय.
दुसऱ्या वळणावर मी गाडी थांबवली.
बंद काचा. बाहेर देवदार.
आत मी, तो, आणि माझी नखं.

फोन लावला तो अब्देस्लामला.
त्यालाच का, माहीत नाही.
साखर सोडताना सगळ्यात जास्त
तोच रडला होता म्हणून असेल.
त्याने "खाऊ नकोस" म्हटलं नाही.
"स्पीकरवर ठेव आणि गाडी चालव."
मग घाटभर भाडेवाढ, जावई,
स्वतःची मूळव्याध, सगळं ऐकवलं.
जिथे रेंज गेली
तिथे मीच बोलत राहिलो,
त्याच्या आवाजात.

वहिनीच्या हातात सुळका दिला.
शेंडा कुरतडलेला होता, खोटं कशाला बोलू.
तिने पाहिलं,
आणि कागद वर ओढून घेतला,
पोराची टोपी सारखी करतात तसा.

आता किटलीत काही पडत नाही.
हातोडीने गन्नूमावशी अक्रोड फोडते.
अंगठा अजून बधिरच आहे,
क्लचचे पैसे गेले ते गेलेच.
फक्त एखादा परका पॅसेंजर टेकतो,
पहिला घोट घेतो, थबकतो,
पेल्यात डोकावून बघतो,
तेव्हा आम्ही पाचही जण
एकदम रस्त्याकडे बघायला लागतो.