एक किलोमीटरच्या आत

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात भरमाणी बिर्जे
चपला बाहेर काढून शाळेत आला.
उद्यमबागेतनं थेट, रात्रपाळी उतरून,
भुवयांवर फाउंड्रीची काळी वाळू.
म्हणाला, बाई, राग मानू नका,
तुमची शाळा बंद कधी होणार म्हणायची?

मी हजेरीपट मिटला.
अकरा नावं. त्यातलं एक जूनमध्ये गोव्याला जाणार.

त्यानं मोबाईल पुढं केला.
सायबरवाल्यानं पन्नास रुपये घेऊन कन्नडात भरलेला अर्ज,
नदीपलीकडच्या इंग्लिश मीडियमची फुकट जागा,
फी सरकार भरणार, बूट तेवढे आपले.
नकाशावर त्याचं घर निळं, माझी शाळा लाल,
मधे एक रेघ.
किलोमीटरच्या आत सरकारी शाळा असली
की जागा नाही.
तुमची शाळा आडवं येऊलालंय बघा, बाई.

एकतीस वर्षं
मी दारोदार फिरून पोरं गोळा केली.
कुणी चहा दिला, कुणी कुत्रं सोडलं.
आडवं येणं
हे माझ्यावर पहिल्यांदाच आलं.

खरं तुम्ही चांगलं शिकवलासा, तो म्हणाला.
कारखान्यात नोटीस लागते कन्नडात,
मशीनवरची अक्षरं इंग्रजी,
मी दोन्हीकडे बघून मुंडी हलवतो.
तुम्ही शिकवलेलं कुठं वाचू, सांगा.
लग्नपत्रिकेत, मी म्हणाले.
तो हसला. मग मीही.

माझा मुलगा कुठल्या शाळेत होता
ते त्यानं विचारलं नाही.
गावात सगळ्यांना ठाऊक आहे.
पिवळी व्हॅन आमच्या पुढच्या दारात थांबायची
आणि मी मागच्या दारानं सायकल काढायची.

कपाटातनं टेप काढली,
लांब उडीसाठी आणलेली, तीस मीटरची.
म्हटलं, नकाशा काय, पाखरासारखा मोजतो.
माणसं गटार ओलांडून जातात,
सोसायटीला वळसा घालून जातात.
चल, रस्त्यानं मोजू.

टेपेचं एक टोक स्वरांजलीनं धरलं.
सहा वर्षांची, समोरचे दोन दात नाहीत.
फाटकापासून निघालो. दर टेपेला ती खडूनं रेघ मारी
आणि मोठ्यानं आकडा सांगे.
सोसायटीजवळ सतरा.
बंद पडलेल्या गुऱ्हाळाजवळ एकोणवीस म्हणायचं ते
तिनं एकोणतीस म्हटलं,
थांबली, बोटं बघितली, स्वतःच मागं आली.
ओट्यावरल्या बायका विचारत होत्या,
रस्ता रुंद होणाराय काय गा?
भरमाणी कुणालाच काही सांगेना.

तेहतीस! ती ओरडली.
पाय उंबऱ्यावर होता.

नऊशे नव्वद.

दहा मीटर, भरमाणी म्हणाला.
दहा मीटरसाठी, बाई.
मग घरात बघितलं त्यानं, चुलीपलीकडे,
मागलं दार उघडं, दारात म्हैस.
मागल्या दारानं मोजलं तर?

मी गप्प.
म्हैस आमच्याकडे बघत होती,
तिला हलवल्याशिवाय टेप जाणार नव्हती.

स्वरांजली टेप गुंडाळत होती.
शेणाचा डाग लागला तो फ्रॉकला पुसला.
बाई, उद्या काय मोजायचं?

तिला मी उत्तर दिलं असतं.
नदी सांगितली असती, पूल, पलीकडची शाळा,
तिथं मुलं किती, खिडक्या किती.
खरं बाप शेजारी उभा होता
आणि त्याला रात्री परत पाळी होती.

शाळेत येऊन अंतराचा दाखला लिहिला.
कन्नडात लिहिला, जपून, एकही चूक न करता.
सही केली, शिक्का मारला.
आकड्याची जागा कोरी ठेवली
आणि पेन
भरमाणीच्या बाजूला सरकवलं.