पाणीवाल्याच्या घरी

झिंदेरमध्ये एप्रिल लागला की
भिंतीसुद्धा तापल्या तव्यासारखा श्वास सोडतात.
मी गाडी ढकलतो. दहा डबे, वीस-वीस लिटरचे,
पिवळे, मूळचे तेलाचे,
झाकणं हरवलेली, म्हणून चिंध्यांचे बोळे.
निळ्या दारापाशी दोन, शिंप्याकडे एक,
मशिदीमागच्या म्हातारीला उधारीवर अर्धा.
सगळ्या गल्लीचा घसा माझ्या हाती.

आणि माझ्याच घरात
एकवीस दिवसांचा एक जीव आहे,
त्याला थेंबभर द्यायचं नाही म्हणे.

त्सहारा दवाखान्यातून हेच घेऊन आली.
सहा महिने फक्त अंगावरचं.
पाणी नाही, काढा नाही, मधाचं बोट नाही.
"त्याचं पोट कोंबडीच्या अंड्याएवढं.
पाण्याने भरलं तर दूध कुठे ठेवशील?
दुधातच पाणी असतं. उन्हाळ्यालाही पुरतं."
असं ती नर्स म्हणाली, म्हणे.
आई चुलीपाशी होती. उठली नाही. एवढंच म्हणाली,
"दारात उंट आला तरी आपण आधी पाणी ठेवतो.
हा तर पाहुणा.
किती लांबून आलाय."

यावर काय बोलणार?
आईने नऊ जणांना पाजलंय. मी सातवा.
नऊ म्हणताना तिची बोटं
चारावर थांबतात, हे मी लहानपणापासून बघतोय.

त्या रात्री वारा पडला होता.
बाळ रडत होतं, आवाज वाळक्या शेंगेसारखा.
आई तुंबडीत पाणी घेऊन आली. "ओठ बघ त्याचे.
बाप पाणी विकतो आणि पोर तहानलेलं.
लोक काय म्हणतील ते जाऊ दे. तू काय म्हणशील?"

मी मोबाइलचा दिवा लावला आणि तुंबडीत पाहिलं.
माझंच पाणी. माझ्याच डब्यातलं.
तळाशी बारीक काहीतरी
हलत होतं, की दिवाच हलत होता.

मार्चमध्ये नळ आठ दिवस बंद होता.
तेव्हा मी जुन्या खाणीच्या डबक्यावर भरायचो,
शेळ्या बाजूला सारून, वरचा हिरवा थर हाताने लोटून.
निळ्या दाराची रहिना पोटावर हात ठेवून विचारायची,
"नळाचंच ना?"
"नळाचंच," मी म्हणायचो.
तेव्हापासून कुठेतरी पाणी मुरतंय.
कुठे, ते मला ठाऊक आहे.

"आई, नको," मी म्हणालो.
कारण नाही सांगितलं.
आई बराच वेळ तशीच उभी राहिली.
मग त्सहाराकडे वळली, जरा रागानेच:
"मग तू तरी पी. सगळं पी."
त्सहाराने एका दमात तुंबडी रिकामी केली
आणि बाळाला पुन्हा छातीशी घेतलं.

ते पाणी मी उकळायला हवं होतं.
हे मला सकाळी सुचलं.

मल्लम इसुफूने पाटीवरच्या आयता धुऊन
वाटीत आणून दिल्या होत्या, शाईचं काळसर पाणी.
आईने ते बाळाच्या कपाळाला लावलं, पायांना लावलं.
ओठांपाशी हात गेला, थबकला,
आणि उरलेलं तिने स्वतः प्यायलं.

आता दोरीवर ओली फडकी मोजणं हे आईचं काम.
काल सात. "कुठून येतं एवढं," ती पुटपुटते,
जणू कुणी तिला फसवून
घरात चोरून विहीर खणलीय.

आज निळ्या दाराशी गाडी लावली.
रहिना आली, कडेवर दहा दिवसांची पोर,
हातात छोटा पेला. "आधी हिच्यापुरतं वरचं दे, स्वच्छ."
मी बोळा काढला नाही.
म्हणालो, "हिला नको. तू पी, उकळून.
आणि मार्चमध्ये..."

ती हसायला लागली.
"पाणीवालाच म्हणतो पाणी नको!
ऐका गं!" तिने शेजारणीला हाक मारली.
दोन दारं उघडली, तिसरं उघडत होतं.
हातात बोळा घट्ट धरून
मी मार्चच्या पुढचं वाक्य शोधत उभा.