अकरा मिनिटं

परभणीच्या कोर्टासमोर, झेरॉक्सच्या टपरीला लागून
मी अर्ज टाइप करून देतो. पानामागं तीस रुपये,
माझ्या चुका फुकट दुरुस्त.

चौत्राबाई सकाळची झाडलोट उरकून आली.
अंगात केशरी जाकीट, हात खराट्यानं खरवडलेला,
आणि त्याच हाताच्या मनगटावर काळं घड्याळ.
बसण्याआधी तिनं त्याच्यावर पदराचे दोन वेढे घेतले.
"ते ऐकत नाही, बाई. फक्त कुठं आहात ते सांगतं."
"तुमाला काय म्हाईत," म्हणाली, अन् वेढा घट्ट केला.

झालं होतं ते एवढंच:
गुरुवारी, शनिवार बाजाराच्या मागच्या बोळात
ती अकरा मिनिटं एका जागी उभी होती.
नकाशावरचा ठिपका हलला नाही,
पगारातला अर्धा दिवस हलला.
मुकादमानं सगळ्यांपुढं मोबाईल धरला,
"हे बघा चौत्राबाईचा आराम."
काही जण हसले.
हसणाऱ्यांच्या मनगटावरही तेच होतं.

"कोनता कायदा हाय मह्या बाजूनं, तेवढं सांगा."

मी वकील नाही. पण वीस वर्षं
वकिलांची वाक्यं माझ्या बोटांतून गेलीत.
म्हणालो, घटनेत एकविसावं कलम आहे, जगण्याचं.
नऊ न्यायमूर्तींनी बसून सांगितलं
की माणसाचं खासगीपण त्यातच आलं.
"मंग झालं की."
झालं नाही. त्याचा जाब सरकारला विचारता येतो,
तुम्हाला घड्याळ बांधलं एजन्सीनं.
एजन्सी म्हणते, महापालिकेची अट.
महापालिका म्हणते, ही बाई आमची नाहीच.
"पगार मागाया गेलं तवा बी असंच म्हन्तेत."

मग माहितीचा कायदा आहे, तेवीस सालचा.
माहिती घ्यायची तर आधी संमती घ्या, म्हणतो,
आणि लगेच पुढच्या कलमात दार किलकिलं ठेवतो:
नोकरीच्या कामासाठी असेल, तर संमतीवाचूनही चालेल.

"मव्हा अंगठा घेतला व्हता. कोऱ्या कागदावर."
नुसरत वकीलबाई चहासाठी बाकावर टेकल्या होत्या,
कप खाली न ठेवता बोलल्या,
"कोऱ्या कागदावर अंगठा असतो. संमती नसते.
लिहा. काय काय नोंदवलं, त्याची प्रत द्यावी.
कोण कोण बघतं, नावानिशी.
काम सुटल्यावर हे बंद का होत नाही."
मी लिहिलं.
उत्तर येईल का, ते त्या बोलल्या नाहीत.
साहेब आले म्हणून निरोप आला, त्या गेल्या.

राहिला शेवटचा परिच्छेद.
त्या अकरा मिनिटांचं कारण.

टपरीवाला पाणी भरायला गेला होता.
चौत्राबाईनं मला सांगितलं,
माझ्याकडं न बघता, समोरच्या लिंबाकडं बघत.
माझी बोटं सवयीनं चालत राहिली,
सहा ओळी झाल्या.
"आता ते लिवू नका."
"बाई, कारण पटण्यासारखं आहे.
हे वाचून पैसे परत देतील."
"देतेन. पर मंग ते बी त्यायचंच झालं."

बॅकस्पेसवर बोट ठेवून
मी सहाच्या सहा ओळी मागं नेल्या.
त्या जागी लिहिलं: वैयक्तिक कारण.
एवढा कमी मजकूर मी कधी कुणाला दिला नव्हता.
तीस रुपये घेताना लाज वाटली, पण घेतले.

तुम्ही विचाराल. इतक्या ओळी वाचल्यात,
तुमचा हक्क वाटत असेल.
मुकादमालाही वाटत होता.

निघताना ती पायरीवर थांबली,
पदर सोडवून मनगट वर केलं,
पाहिलं त्या काळ्या काचेत.
काटा नाही, आकडा नाही, एक हिरवा ठिपका लुकलुकतोय.
"किती वाजले हो?"
"पावणेबारा."
"अगं बाई," म्हणाली, आणि जवळजवळ पळतच
वसमत रोडच्या दिशेनं गेली.
बाराला दुसरी हजेरी असते.