पहार

एफ्राइम नोव्हेंबरात गेला,
तेव्हा जमीन बंद झाली होती.
असंच म्हणतो आम्ही लाब्राडोरच्या या किनाऱ्यावर,
दुकान बंद झाल्यासारखं.
चर्चमागच्या खोपटात पेटी ठेवली, मासळीच्या जाळ्यांशेजारी,
खाली दोन फळ्या, वर सीलचं कातडं.
आणि पहार माझ्या हातात आली,
बापाच्या हातात होती तीच.

दर रविवारी उपासना सुटली की
टेकडीवर जाऊन मी ती मारून बघतो.
खण्ण.
आवाज दातांत जातो.
खाली रोझिना उभी. विचारते, किती?
मी एक बोट दाखवतो. कधी अर्धं.
ती मान हलवते आणि चहा टाकायला जाते.

असे एकवीस रविवार.

ईस्टर आला, तोही बर्फातच.
इथे तो नेहमी वसंताच्या आधी येतो,
घर झाडून व्हायच्या आत पाहुणा दारात उभा राहावा तसा.
पहाटे चारला आम्ही सहा जण वाद्यं घेऊन निघालो,
कर्ण्याचं तोंड काखेत धरून,
नाहीतर ओठ चिकटतो, कातडी सुटून येते.
दफनभूमीत एकही दगड दिसत नव्हता.
तरी जो तो बरोबर आपल्या माणसाच्या उशाशी उभा राहिला.
पायांना माहीत असतं.
रोझिनाला उभं राहायला जागा नव्हती.
ती कुंपणापाशीच थांबली.

प्रभू उठला आहे, पाळक म्हणाले.
खरोखर उठला आहे, आम्ही म्हणालो, वाफेसकट.
तिचे ओठ हलले नाहीत.
मग पाळकांनी गव्हाच्या दाण्याचं सांगितलं,
मातीत पडून मरणाऱ्या.
गहू उगवताना आमच्यात कुणी पाहिलेला नाही.
पीठ जहाजातून येतं, जुलैत, पोत्यांतून.
उतरताना ती म्हणाली,
"लेवी, दाण्याला निदान माती तरी मिळते."

याला उत्तर नव्हतं माझ्याकडे. अजून नाही.
पुढच्या रविवारी मी वर गेलो आणि पहार मारली,
एवढंच.
खण्ण.
विश्वास म्हणजे काय ते मला विचारू नका,
मला त्याचा फक्त आवाज ठाऊक आहे.

मे महिन्यात एका रात्री बर्फाखाली पाणी बोलू लागलं,
झोपेत कुणी कूस बदलावी इतकं हळू.
मग छपरावर पांढरी बर्फचिमणी.
मग खाडी तडकली, बंदुकीसारखी, आणि कुत्री पळत सुटली.
दोन बोटं. चार. वीतभर.
मध्येच पुन्हा गोठलं, आणि परत दोन.
त्या रविवारी तिच्या धुराड्यातून धूर आला नाही.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात
पहार गेली.
वाजली नाही.
माझा तोल सुटला, मी गुडघ्यांवर आलो
आणि तसाच राहिलो थोडा वेळ,
प्रार्थना होती की दम लागला होता, कोण जाणे.
खालून तिने विचारलं, किती?
बोटं पुरेनात.
मी दोन्ही हात पसरले.

खड्ड्याच्या तळाशी बर्फाचे खडे चमकत होते अजून.
पेटी उतरवली. कर्णा वाजवला, ओठ चिकटला नाही,
डास मात्र चावत होते आणि
शेवटचा सूर फसला.
तिने हातमोजा काढला, मूठभर माती उचलली,
लगेच टाकली नाही. हुंगली.
"ओली आहे," म्हणाली,
आम्हा कुणालाच माहीत नसल्यासारखी.
आणि मग ओठांतल्या ओठांत ते तीन शब्द,
एप्रिलपासून उधार राहिलेले.

पहार पुसून, तेल लावून, मी खोपटात उभी केली.
दार उघडंच ठेवलं, आत ऊन यायला.
नोव्हेंबर फार लांब नसतो इथे.