रिकामा पेला

कालिम्नोस बेटावर मार्चमध्ये बोटी कमी,
तिकिटांची खिडकी दुपारीच बंद होते.
घरी आले तर न्हाणीतला निळा टब ओट्यावर
आणि थेमेलिना कोपरापर्यंत ओली.

"आई, बघ हं, नीट बघ."
पेल्याच्या तळाशी तिनं कागदाचा बोळा कोंबला
(कोसच्या बोटीचं जुनं तिकीट, माझ्याच पर्समधलं),
पेला पालथा केला, सरळ पाण्यात दाबला,
वर काढला. बोळा कोरडा ठणठणीत.
"आत हवा बसलीय ना! ती जागा सोडत नाही."
जागा न सोडणाऱ्यांशी माझी खिडकीवर रोजच गाठ पडते.
मी म्हटलं, छान.

मग बाटली, तोंडात नरसाळं,
भोवती कणकेचं लिंपण, फट म्हणून नाही.
पाणी ओतलं. ते वरच तुंबलं,
दारात पाहुणा, आणि आतले उठायला तयार नाहीत.
तिनं कणकेला सुई टोचली.
फुस्स... पाणी गटागटा खाली.
"एक निघाली की दुसरं येतं."

खिडकीशी माझे वडील, साकेलारिस,
डावा पाय ओढत चालणारे.
स्पंजासाठी बुड्या मारल्या तेव्हा
खालची हवा गुडघ्यात शिरली, असं ते सांगतात;
डॉक्टर दुसरंच काही सांगतो.
बाकी समुद्राचं नाव काढत नाहीत.
मासासुद्धा मुकाट्यानं खातात.

आज उठले. बाही सारली.
तिच्या हातून पेला घेतला, दाबला,
मग नखभर कलता केला.
एक बुडबुडा सुटला, टपोरा,
डगमगत वर आला, फुटला.
"मिकेसचे असेच यायचे वर," ते म्हणाले.
"मी बोटीवरून मोजत होतो."

"किती होते?" थेमेलिनानं विचारलं.
मी तिला डोळ्यांनी दटावलं,
पण त्यांना प्रश्न आवडला असावा.
"चौदापर्यंत आठवतं."

तिनं वहीत लिहिलं, चौदा.
पुढच्या रकान्यात निष्कर्ष लिहायचा होता,
पेन्सिल तशीच धरून बसली.

मी नरसाळ्याची कणीक सोडवली,
सुईचं भोक मळून बुजवलं,
फुगायला ठेवलेल्या गोळ्यात मिसळून
रात्री पाव भाजला.
कापला, तर आत सगळी भोकंच भोकं.
वडिलांनी पहिला तुकडा घेतला,
बोटांनी दाबला, सोडला,
दिव्यासमोर धरून बराच वेळ पाहिला,
स्पंजाची पारख करावी तसा.